झाडांचे डोहाळे

कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्र' नाटकात एक मोठा गमतीचा प्रसंग आहे. राजाच्या प्रमदवनातील अशोकवृक्ष काही केल्या फुलत नाही. सुंदर स्त्रीने अलता लावलेल्या पायाने त्याला स्पर्श केला म्हणजे तो फुलतो, असा समज. हे काम खरे तर पट्टराणी धारिणीचे. पण झोपाळ्यावरून पडून तिच्या पायाला दुखापत झालेली. म्हणून ती मालविकेला पाठविते आणि पाच रात्रींच्या आत अशोक फुलला तर तुझी इच्छा पुरी करीन, असे वचन देते. अशोक फुलतो, आणि पुढची सारी प्रेमकथा त्या फुलण्यातून मार्गी लागते. ही मालविका विदर्भाची राजकन्या, म्हणजे आपल्याकडचीच. तेव्हा झाडाला हुकमी मोहोर आणण्याच्या विद्येचा पहिला मान महाराष्ट्राकडे जातो, असे म्हणावयास हरकत नाही!

अशोकाला पदाघात, बकुळीला मद्याची चूळ अशा ज्या गोष्टी संस्कृत कवींनी सांगितल्या, त्यांना 'दोहद' म्हणतात. गर्भवती स्त्रीच्या इच्छेचेही तेच नाव, आणि आपला 'डोहाळे' हा शब्द त्याच दोहदाचे प्राकृत लेकरू. झाड फुलावयाचे तर त्याला काहीतरी हवे असते, आणि ते ओळखून दिले की ते फुलते, ही कल्पना त्या शब्दात आहे. कविसंकेत म्हणून आपण ती वाचतो आणि सोडून देतो. परंतु गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत बागवानांनी आणि शास्त्रज्ञांनी झाडांना जे जे दिले, त्याची हकीकत पाहिली तर कालिदासाचा बागवान फारसा भाबडा वाटत नाही.

माझी म्हैसूरला बदली झाली त्याला आता तिसरे वर्ष चालू आहे. श्रोत्यांना ठाऊक असेल, 'आकाशवाणी' हे नाव नभोवाणीला प्रथम लाभले ते याच शहरात. १९३५ साली मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी येथे खाजगी प्रक्षेपण सुरू केले, तेव्हा त्यांनी हे नाव वापरले. पण म्हैसूरने मला शिकविलेली गोष्ट वेगळी. येथून पश्चिमेस थोडे गेले की कोडगूचे कॉफीचे मळे लागतात. कॉफीच्या कळ्या हिवाळ्याच्या तोंडीच तयार होतात आणि मग अंग चोरून निजून राहतात. दोन-तीन महिने कोरडे जातात. मार्च-एप्रिलमध्ये एखादा चांगला, इंचभराचा पाऊस पडला की आठ-दहा दिवसांत डोंगरचे डोंगर पांढरे होतात. मळेवाले त्याला फुलांचा पाऊसच म्हणतात. त्याच्या मागोमाग काही दिवसांनी पाठचा पाऊस लागतो. तो आला नाही तर फळधारणा बिघडते. रोबस्टा कॉफीचे मळेवाले आता आभाळाची वाट पाहत नाहीत; तळ्यातले पाणी पंपाने उडवून ते स्वतःच हा पाऊस पाडतात. यात ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की, पावसाने कळी निर्माण होत नाही. ती आधीच तयार असते. पाऊस केवळ तिला उठवितो, आणि त्या उठविण्याला जोर येतो तो आधी सोसलेल्या तहानेमुळे.

आपल्याकडे संत्र्याच्या आणि डाळिंबाच्या बागेत 'बहार धरणे' म्हणतात ते हेच. आंबिया, मृग किंवा हस्त, ज्या बहाराला भाव चांगला तो धरावयाचा. त्यासाठी आधी पाणी तोडून झाडाला ताण द्यावयाचा, मुळांवरची माती सारावयाची, झाड कोमेजले, पाने गळू लागली की खतपाणी देऊन त्याला जागे करावयाचे. ही पद्धत कोणा प्रयोगशाळेतून आलेली नाही. आता सांगोल्याकडचा डाळिंबवाला पाने गळण्याची वाट न पाहता इथ्रेलची फवारणी करून ती पाडतो, इतकाच फरक. माझे आजोबा न धरणाऱ्या फणसाच्या खोडावर कोयत्याचे चार घाव घालीत आणि पुढल्या वर्षी फणस लागला की आमच्याकडे विजयी मुद्रेने पाहत. तेव्हा मला ते क्रौर्य वाटे. पुढे वाचनात आले की, साल कापल्याने पानांत तयार झालेले अन्न मुळांकडे उतरण्याचे थांबते, वरच साठते, आणि त्याचा उपयोग फुलोऱ्याला होतो. आजोबांना याची कल्पना नव्हती. झाडाला मरणाचे भय दाखविले की ते संततीचा विचार करते, एवढेच ते म्हणत.

रसायनांचा इतिहास मात्र धुरापासून सुरू होतो. अटलांटिक महासागरातील आझोर बेटांवर काचेच्या घरांत अननस लावीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील एका काचघरात चुकून आग लागली, धूर कोंडला, आणि मालकाने कपाळाला हात लावला. पण थोड्याच दिवसांत त्या घरातील सर्व अननस एकाच वेळी फुलावर आले, असे सांगतात. तेव्हापासून तेथे अननसाला मुद्दाम धूर देण्याचा प्रघात पडला. धुरातील कोणते द्रव्य हे काम करते, हे कळावयास वेळ लागला. सेंट पीटर्सबर्ग येथे नेलजुबोव्ह नावाच्या तरुण संशोधकाने १९०१ साली दिव्याच्या वायूमुळे वाटाण्याची रोपे वेडीवाकडी का वाढतात याचा शोध घेताना इथिलीन वायूवर बोट ठेवले होते. १९३२ मध्ये प्वेर्तो रिको बेटावर रॉड्रिग्ज यांनी अननसावर प्रयोग करून त्या धुरातला कर्ता हाच, हे दाखविले. मग धुराची जागा कार्बाइडपासून निघणाऱ्या वायूने घेतली, आणि पुढे ज्याच्यातून झाडाच्या पोटात गेल्यावर इथिलीन सुटते असे इथेफॉन आले. आज शिमोग्याकडे किंवा आपल्या दोडामार्ग तालुक्यात अननसाचे रोप ३५-४० पानांचे झाले की इथेफॉन आणि युरिया यांचे ५० मिलिलिटर पाणी त्याच्या पोग्यात ओततात. सारे शेत एका वेळी फुलते आणि एका वेळी कापणीला येते. आझोरच्या त्या आगीची ही नातवंडे.

आंब्याला धूर देण्याची रीत फिलिपाइन्सची. झाडाखाली ओला पालापाचोळा पेटवून दिवसेंदिवस, कधी दोन-दोन आठवडे, सतत धूर करीत राहावयाचे. मेहनत मोठी, सरपण अफाट, आणि खात्री थोडी. १९७० च्या दशकाच्या आरंभी रामोन बार्बा या वनस्पतिशास्त्रज्ञाने पोटॅशियम नायट्रेटचे पाण्यातील द्रावण, लिटरला सुमारे दहा ग्रॅम या प्रमाणात, आंब्याच्या जून झालेल्या फांद्यांवर फवारून पाहिले. आठवड्याभरात डोळे फुगले आणि मोहोर दिसू लागला. मालविकेला पाच रात्रींची मुदत होती. हा हिशेब फारसा दूर नाही. तेथील आंब्याचा हंगाम त्यामुळे जवळजवळ वर्षभर पसरला. बार्बा यांनी या शोधाचे एकस्व घेतले, पण बागवानांकडून त्याचे शुल्क वसूल केले नाही. २०१४ साली त्यांच्या देशाने त्यांना राष्ट्रीय शास्त्रज्ञ हा बहुमान दिला, आणि २०२१ मध्ये ते वारले.

पोटॅशियम नायट्रेट म्हणजे आपला सोरा. बंदुकीच्या दारूत गंधक आणि कोळसा यांच्या जोडीला पडतो तोच. म्हैसूरपासून श्रीरंगपट्टण जेमतेम पंधरा किलोमीटर. तेथे हैदर आणि टिपू यांनी लोखंडी नळ्यांत जी दारू ठासून अग्निबाण उडविले आणि १७८० साली पोळिलूरच्या लढाईत इंग्रजांची दाणादाण उडविली, त्या दारूचा मुख्य भाग हाच सोरा होता. त्या किल्ल्यात उभा राहिलो की मनात येते, इतका सोरा पुरुषभर उंचीच्या भिंतींआड भरून ठेवलेला, भोवती आमराया, आणि चिमूटभर पाण्यात विरघळवून झाडावर शिंपडण्याचे कोणालाही सुचले नाही. सुचण्याचे कारणही नव्हते म्हणा. थायलंडमधील लाँगन या फळाची गोष्ट याच कुळीची. फटाक्यांच्या दारूतील पोटॅशियम क्लोरेट मुळाशी पडले की लाँगन अवेळी फुलतो, हे १९९० च्या दशकाच्या अखेरीस ध्यानात आले. बागवानांनी ते मण-मण विकत घेतले. १९९९ च्या सप्टेंबरात चिआंग माई प्रांतातील एका कारखान्यात त्याच्या साठ्याचा स्फोट होऊन तीसहून अधिक माणसे मेली.

सोऱ्याची फवारणी आपल्याकडेही झाली, पण फिलिपाइन्ससारखा डंका वाजला नाही. त्याचे कारण पुन्हा त्या कॉफीच्या कळीपाशी जाऊन पोचते. विषुववृत्ताजवळच्या प्रदेशात आंब्याची फांदी पुरेशी जून झाली की ती मोहोराच्या तयारीत असते. सोरा तिला फक्त उठवितो. आपल्या हापूसचे तसे नाही. पावसाळा संपता संपता जोराची पालवी फुटली, किंवा गेल्या वर्षी झाड फळांनी लगडून थकले असले, तर फांदीची मोहोराकडे जाण्याची तयारीच होत नाही. जी जागीच व्हावयाची नाही तिला हाका मारून काय उपयोग? हापूस एक वर्ष भरभरून देतो आणि दुसऱ्या वर्षी तोंड फिरवितो, ही कोकणची जुनी तक्रार. तिच्यावर उपाय हवा होता तो झाडाचे मन पालवीकडून मोहोराकडे वळविण्याचा.

तो उपाय आला भाताच्या एका रोगातून. जपानात भाताची काही रोपे एकाएकी उंच, फिकी, किडकिडीत वाढत आणि लोंबी न धरता कोलमडत. शेतकरी त्यांना 'वेडे रोप' अशा अर्थाच्या नावाने हिणवीत. १९२६ साली, त्या वेळी जपानच्या ताब्यात असलेल्या फॉर्मोसा बेटावर, कुरोसावा यांनी दाखविले की या वेडाचे कारण एका बुरशीतून पाझरणारे द्रव्य आहे. १९३५ मध्ये याबुता यांनी त्या द्रव्याला जिबरेलिन हे नाव दिले. पुढे कळले की निरोगी झाडेही हे द्रव्य आपल्या अंगात थोडेथोडे तयार करीत असतात, आणि आंब्यासारख्या झाडात ते पालवीच्या बाजूचे, मोहोराच्या विरुद्ध पक्षाचे असते. मग त्याचा झराच आटविला तर? इंग्लंडमधील इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीने १९८० च्या आसपास पॅक्लोब्युट्राझोल नावाचे वृद्धिरोधक पुढे आणले. ते जिबरेलिन तयार होण्याची क्रियाच अडविते. कोकणात त्याला कोणी या नावाने ओळखत नाही. तेथे ते 'कल्टार'.

१९७२ साली स्थापन झालेल्या दापोलीच्या कोकण कृषि विद्यापीठात हापूसवर याचे प्रयोग झाले, आणि बुरोंडकर व गुंजाटे यांचा त्याविषयीचा निबंध १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. हे औषध फवाऱ्याने देत नाहीत. ते झाडात पाण्याबरोबर वर चढते, पानावरून खाली उतरत नाही. म्हणून ते मुळांनाच पाजावे लागते. विद्यापीठाने ठरवून दिलेली रीत मोठी काटेकोर आहे. १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या दरम्यान झाडाच्या विस्ताराचा व्यास मोजावयाचा. दर मीटरला ०.७५ ग्रॅम मूळ औषध, म्हणजे बाजारातील २५ टक्क्यांच्या द्रावणाचे ३ मिलिलिटर. आठ मीटर विस्ताराच्या कलमाला २४ मिलिलिटर झाले. ते काही लिटर पाण्यात मिसळून, बुंधा आणि विस्ताराची कड यांच्या मध्यावर गोलाकार २५-३० भोके पाडून सारखे ओतावयाचे. झाड निरोगी हवे, आणि खताचा हात सैल हवा. असे केले तर मोहोर तीन-चार आठवडे आधी येतो आणि आडसालीही फळ मिळते. फेब्रुवारीत म्हैसूरच्या देवराज मार्केटात देवगडच्या हापूसची पेटी मांडलेली दिसली आणि इकडच्या बदामीवाल्यांनी (हापूसला इकडे बदामी म्हणतात) तिच्याकडे असूयेने पाहिले, तेव्हा त्या पेटीतील सुगंधात आदल्या श्रावणातले हे औषध होते, हे मी ओळखले.

निसर्गाने याला आपल्या परीने उत्तर दिलेच. अलीकडे जानेवारीत, वाटाण्याएवढी फळे धरलेली असताना एखादी थंडीची लाट येते आणि त्याच फांदीवर दुसरा मोहोर फुटतो. झाड आपला सारा रस नव्या मोहोराला देते आणि आधीची फळे गळून पडतात. याला पुनर्मोहोर म्हणतात. त्यावर दापोलीचा सल्ला असा की, पहिला मोहोर उमलत असताना आणि पुन्हा पूर्ण उमलल्यावर जिबरेलिक आम्लाची फवारणी करावी, २० लिटर पाण्यात एक ग्रॅम या प्रमाणात. म्हणजे श्रावणात ज्या द्रव्याचा झरा आपण मुळातून आटविला, तेच पौष-माघात विकत आणून वरून शिंपडावयाचे. यातील शास्त्र बरोबर आहे. माझी त्याविरुद्ध तक्रार नाही. पण त्या झाडाच्या जागी आपण असतो तर वैद्य बदलला असता, असे वाटल्यावाचून राहत नाही.

माझी तक्रार निराळी आहे, आणि ती बरीचशी स्वतःविरुद्ध आहे. कोकणातील एका तालुक्यात मी अधिकारी असताना एक वृद्ध बाई कचेरीत आल्या. सासऱ्यांनी लावलेली चाळीस कलमे त्यांनी पाच वर्षांच्या कराराने दिली होती. मुलगे मुंबईला, राखण कोण करणार? करार करणाऱ्याने दर वर्षी कल्टार घातले. मोजून नव्हे, भोके पाडून नव्हे. बुंध्याशी, अंदाजाने, आणि शेवटच्या दोन वर्षी अंदाजाहूनही अधिक. पाच वर्षे कलमे लवकर आणि लठ्ठ फळली. करार संपला तेव्हा शेंड्यांची पाने झुपक्यासारखी आवळून आली होती, मोहोर मुठीएवढा आखूड, आणि फांद्या टोकाकडून वाळू लागल्या होत्या. हे औषध जमिनीतून एका पावसाळ्यात धुऊन जात नाही, वर्षानुवर्षे राहते. मी करारपत्र पाहिले. त्यात रक्कम होती, हप्ते होते, फळे उतरविण्याचा हक्क होता, कुंपणाची दुरुस्ती कोणी करावयाची हेही होते. औषधाचे नावसुद्धा नव्हते. मी अर्जावर शेरा लिहिला, बाब दिवाणी स्वरूपाची असल्याने अर्जदाराने सक्षम न्यायालयात दाद मागावी. शेरा कायद्याने बिनचूक होता. बाई तो वाचून घेऊन म्हणाल्या, "फळं घेऊन गेला तो. ह्या मुळांचं आता मी काय करू, साहेब?"

त्या कराराच्या माणसालाही मी पुढे भेटलो. तो काही राक्षस नव्हता. त्याने रक्कम कर्जाने उचललेली. पेटी पहिल्या आठवड्यात बाजारात गेली तरच व्याज सुटणार. एक ढगाळ रात्र, एक तुडतुड्याचा हल्ला, की वर्ष बुडाले. झाडाशी त्याचा संबंध पाच मोहोरांपुरता होता आणि झाडापाशी अजून साठ-सत्तर मोहोर होते. धूर काय, कोयता काय, पाण्याचा ताण काय, आजवरचे सगळे डोहाळे पुरविले ते झाड ज्याचे त्याने. आजोबांचा कोयता चार घावांवर थांबे, कारण पाचव्या घावाचा तोटाही त्यांच्याच पदरात पडणार होता. औषध तेच राहून हात बदलला, आणि हा बदल आमच्या कचेरीतल्या कोणत्याच नमुन्यात बसत नव्हता. बाईंनी न्यायालयात दाद मागितली की नाही, याची चौकशी करण्यापूर्वीच माझी तेथून बदली झाली.

राजापूर तालुक्यात आमची स्वतःची बावीस कलमे आहेत. थोरले चुलतभाऊ थकले, तेव्हा गेल्या वर्षी तीही कराराने द्यावयाचे ठरले. मसुदा मी म्हैसूरला बसून लिहिला आणि आयुष्यात प्रथमच करारपत्रात झाडांच्या वतीने काही घातले. प्रत्येक कलमाचा विस्तार दोघांच्या समक्ष मोजावा. औषधाची मात्रा व तारीख वहीत लिहून सही करावी. कराराच्या शेवटच्या वर्षी औषध घालू नये. दर पावसाळ्यात ठरलेले शेणखत टाकावे. करार घेणाऱ्याने कागद दोनदा वाचला, चष्मा काढला, आणि शेवटच्या वर्षाच्या अटीवर बोट ठेवून म्हणाला की, एवढ्याचे पैसे कमी होतील. किती, ते त्याने सांगितले. भाऊंनी माझ्याकडे पाहिले. आम्ही ती रक्कम सोडली आणि सह्या केल्या.